माणूस वाचला, तरी सर्पदंश ‘जीवघेणा’ म्हणता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या काकांना फुरसे चावले, उपचारांनंतर ते बरे होऊन घरी आले, आणि गावच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी तो अनुभव लिहिताना आपण ‘जीवघेणा सर्पदंश’ असे शब्द वापरले. मजकूर तपासणाऱ्या शिक्षकांनी ‘जीवघेणा’ खोडून तेथे ‘गंभीर’ लिहिले, कारण काका जिवंत असताना दंशाने जीव घेतला असे म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याच ओघात ‘प्राणघातक’, ‘प्राणांतिक’, ‘अत्यवस्थ’ आणि ‘दुर्धर’ हे शब्द कुठे वापरावेत, हेही आपण विचारले आहे.

आपला मूळ शब्द बरोबर होता. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. हे शब्द मला जवळजवळ रोज नातेवाइकांसमोर उच्चारावे लागतात, आणि त्यांचा अर्थ ऐकणाऱ्याने कसा लावला यावर पुढची धावपळ अवलंबून असते, म्हणून या उत्तरात जरा विस्ताराने लिहीत आहे.

‘जीव घेणे’ या क्रियेपासून ‘जीवघेणा’ हे विशेषण झाले आहे आणि ते नामाप्रमाणे बदलते : जीवघेणा आजार, जीवघेणी जखम, जीवघेणे विष. (‘जिवावर’, ‘जिवाला’ या रूपांत जि ऱ्हस्व होतो, पण ‘जीवघेणा’ या जोडशब्दात तो दीर्घच राहतो, छापील मजकुरातही इथे ऱ्हस्व जि लिहिण्याची चूक वारंवार दिसते.) जीव घेण्याची क्षमता ज्यात आहे ते जीवघेणे, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे. ती क्षमता प्रत्यक्षात उतरली की नाही, हे विशेषण सांगत नाही. ते सोबतचे क्रियापद सांगते. मराठीत एखादी गोष्ट जीवघेणी ‘असते’ आणि एखादी गोष्ट जीवघेणी ‘ठरते’. ‘दंश जीवघेणा होता, पण काका वाचले’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘दंश जीवघेणा ठरला, पण काका वाचले’ हे मात्र कानाला लगेच खटकते, कारण ‘ठरला’ म्हटले की निकाल लागलेला असतो आणि त्यानंतर वाचण्याला जागा उरत नाही. ‘ठरू शकतो’ म्हटले की निकाल अजून बाकी असतो. शिक्षकांच्या मनात बहुधा ‘जीवघेणा ठरला’ हीच रचना होती आणि तिचा नियम त्यांनी नुसत्या विशेषणाला लावला. आपल्या मजकुरात ‘ठरला’ असते, तर त्यांचे खोडणे योग्य झाले असते.

फुरशाच्या दंशाला जीवघेणा का म्हणायचे, हे समजण्यासाठी आमच्याकडची एक साधी तपासणी सांगते, कारण शब्दाचा अर्थ मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. कातळावर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत किंवा काजूच्या पालापाचोळ्यात फुरसे चावलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. चावल्याची जागा सुजलेली असते, दुखत असते, पण तो बोलत असतो, चहा मागत असतो. आम्ही त्याच्या शिरेतून २ मिलिलीटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घालतो आणि नळी २० मिनिटे अजिबात न हलवता टेबलावर उभी ठेवतो. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठून नळीच्या तळाशी घट्ट बसते आणि नळी कलती केली तरी जागचे हलत नाही. फुरशाचे विष अंगात भिनलेले असेल, तर २० मिनिटांनी नळी कलती केल्यावर रक्त पाण्यासारखे सरळ काठापर्यंत वाहत येते. रक्त गोठवण्याची शरीराची शक्ती संपलेली असते, आणि हिरड्यांतून, लघवीतून किंवा मेंदूत केव्हा रक्तस्राव सुरू होईल याचा भरवसा नसतो. अशाच एका वेळी एका मुलाने मला विचारले होते, “मॅडम, बापूस तर बोलता, चाय पियालो, मगे बांबोळीक कित्याक?” (वडील तर बोलतायत, चहा प्यायले, मग बांबोळीला कशाला?) बांबोळी म्हणजे गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय, आमच्याकडे ‘बांबोळीला नेला’ म्हटले की प्रकरण हाताबाहेर चालले, असे सगळा गाव समजतो. मी त्याला ती नळी कलती करून दाखवली. त्यानंतर त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. गाडीची व्यवस्था करायला तो बाहेर धावला. त्या घटकेला त्याचे वडील अत्यवस्थ नव्हते. दंश मात्र जीवघेणा होता.

जीवघेणा असतो तो आजार, दंश, जखम, विष किंवा प्रसंग. आणि अत्यवस्थ असतो तो माणूस. ‘आजार अत्यवस्थ आहे’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘रुग्ण जीवघेणा आहे’ असे म्हटले तर अर्थ भलताच होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी असतीलच असे नाही, आणि नेमकी इथेच नातेवाइकांची फसगत होते. मूतखड्याची कळ आलेला माणूस जमिनीवर गडाबडा लोळतो, ‘माझा जीव जातोय’ म्हणून ओरडतो, आणि चार माणसे त्याला धरून आणतात. त्याच्या वेदना खऱ्या असतात, पण त्या दुखण्याने सहसा जीव जात नाही. उलट, पिसाळलेल्या कुत्र्याने पोटरीला ओरखडा काढलेला मुलगा बाकावर बसून खेळत असतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचत नाही, असेच म्हणावे लागते. वाचल्याची जगभरातली उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चाव्यापासून लक्षणांपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात, आणि एवढ्या अवधीत साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुणे, लशीचे सर्व डोस वेळच्या वेळी घेणे आणि जखम रक्त येण्याइतकी असेल तर तिच्यात प्रतिपिंडांचे इंजेक्शन घेणे, एवढे केले तर मृत्यू टळतो. खेळणाऱ्या मुलाच्या पोटरीवरचा तो ओरखडा जीवघेणा आहे, हे आईला पटवताना मला ‘गंभीर’ हा शब्द अपुरा पडतो, कारण गंभीर म्हटले की ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघते आणि चेहऱ्यावर तिला काहीच दिसत नाही.

या शब्दाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. धोका आहे हे तो सांगतो, पण किती आहे हे सांगत नाही. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, आणि काजूच्या बागांत काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘जीवघेणा ताप’ हे शब्द बसले. या तापात साधारणपणे शंभरातले ३ ते ५ रुग्ण दगावतात. रेबीजही जीवघेणा आणि माकडतापही जीवघेणा, आणि दोन्ही ठिकाणी शब्द चूक नाही. पण ऐकणाऱ्याने दोन्ही ठिकाणी सारखीच आशा सोडली तर ते फार मोठे नुकसान आहे. शिवाय धोक्याचे प्रमाण काळाबरोबर बदलते. तांबड्या विंचवाच्या दंशाचे उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय, मग धाप आणि तोंडाला तांबूस फेस, या क्रमाने माणसे, विशेषतः लहान मुले, जात असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना या दंशाने हृदय आणि फुप्फुसे कशी निकामी होतात याची बारकाईने नोंद ठेवली आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध विंचूदंशासाठी वापरात आणले. गंभीर रुग्णांमधले सुमारे ४० टक्के मृत्यू त्यामुळे १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या ग्रामीण डॉक्टरांना त्या सन्मानाचा वाटला तेवढा आनंद क्वचितच कशाचा वाटला असेल. तांबड्या विंचवाच्या दंशाला आजही जीवघेणा म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण विष तेच आहे. फक्त आता त्या शब्दामागे ‘उपचार न मिळाल्यास’ ही अट धरायची असते. म्हणून डॉक्टरांनी हा शब्द वापरला की तिथल्या तिथे विचारावे : उपचार न मिळाल्यास जीवघेणा, की उपचार मिळूनही? आणि हातात वेळ किती आहे? या प्रश्नांचा डॉक्टरांना राग येत नाही; निदान येऊ नये.

‘प्राणघातक’ या शब्दाचा अर्थ जवळपास तोच आहे, पण तो संस्कृत वळणाचा असल्यामुळे लेखी भाषेत, विशेषतः बातम्यांत आणि पोलिसांच्या कागदांत, जास्त रुळला आहे. ‘तरुणावर प्राणघातक हल्ला’ या मथळ्याखालच्या बातमीत तरुण बहुतेक वेळा रुग्णालयात उपचार घेत असतो. तो दगावला असता तर मथळ्यात ‘खून’ आला असता. आपल्या शिक्षकांना हेच उदाहरण दाखवावे. हा मथळा रोज वाचताना त्यांना खटकत नसेल, तर ‘जीवघेणा सर्पदंश’ही खटकू नये, कारण दोन्ही शब्दांचा पिंड एकच आहे. कायद्यानेही हा भेद मानलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६व्या कलमात, आणि त्याआधी दंड संहितेच्या ३२०व्या कलमात, जीवित धोक्यात आणणारी दुखापत ही गंभीर दुखापतीच्या प्रकारांत धरली आहे. तिथे जखमी माणूस जिवंत आहे हे गृहीतच असते, आणि जखमेचा दाखला लिहिताना मलाही माणूस वाचला की नाही याआधी जखमेने जिवाला धोका होता की नाही, हे लिहावे लागते. याच कलमामुळे ‘गंभीर’ हा शब्द ‘जीवघेणा’च्या जागी का चालत नाही, हेही दिसते : हाड मोडणे किंवा दात पडणे हीसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतच आहे, आणि दात पडून कोणी मरत नाही.

‘प्राणांतिक’ हा शब्द मात्र वेगळा आहे आणि त्याच्याबाबत शिक्षकांचा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. प्राणांचा अंत झाला, असा त्याचा अर्थ असल्यामुळे पोलीस आणि वाहतूक विभाग ज्या अपघातात कोणी मृत्युमुखी पडले त्यालाच ‘प्राणांतिक अपघात’ म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावर कोणी जबर जखमी होऊन वाचला, तर तो अपघात प्राणांतिक नसतो. ‘प्राणांतिक वेदना’ किंवा ‘प्राणांतिक उपोषण’ हे जुने, रूढ प्रयोग आहेत आणि तिथे शेवटच्या टोकापर्यंतची तीव्रता अभिप्रेत असते; पण वैद्यकीय हकिकतीत हा शब्द मृत्यू झालेल्या प्रसंगापुरताच ठेवावा, असे मला वाटते.

माणसाच्या स्थितीसाठी आपल्याकडे शब्दांची चांगली उतरंड आहे. प्रकृती स्थिर, गंभीर, चिंताजनक, मग माणूस अत्यवस्थ आणि शेवटी मरणासन्न. ‘प्रकृती गंभीर पण स्थिर’ असे वाचून लोक गोंधळतात. त्याचा अर्थ एवढाच, की धोका मोठा आहे आणि गेल्या काही तासांत तो वाढलेला नाही.

‘दुर्धर’ आणि ‘असाध्य’ यांचा मृत्यूशी थेट संबंध नाही, तो उपचारांच्या अवघडपणाशी आहे. जिल्हा परिषदेच्या मदतीच्या अर्जावर ‘दुर्धर आजार’ असा शब्द असतो आणि त्यात कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार असे दीर्घकाळ झुंजायला लावणारे आजार मोडतात. फुरशाच्या दंशाला दुर्धर म्हणता येणार नाही, कारण त्याचा निकाल काही दिवसांत लागतो आणि त्यावर नेमके औषध आहे. आयुर्वेदात साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी प्रतवारी केली आहे; जो आजार समूळ जात नाही पण औषधपाण्याने ताब्यात राहतो, त्याला याप्य म्हणतात. हा शब्द व्यवहारातून गेला याची मला खरोखर खंत वाटते, कारण मधुमेहाच्या रुग्णाला ‘तुमचा आजार बरा होणार नाही’ असे सांगताना आज मराठीत दुसरा एकही नेमका शब्द हाताशी नसतो आणि तो ‘असाध्य’ ऐकून खचतो.

बोलण्यात ‘जीवघेणा’ सैलपणे वापरला जातो : जीवघेणी स्पर्धा, जीवघेणा उकाडा. लाक्षणिक प्रयोग भाषेत असणारच आणि ललित लेखनात ते शोभतात. सूचनांच्या फलकांवर मात्र शब्द काटेकोर असावा, असा माझा आग्रह आहे. किनाऱ्यांवर ‘येथे पोहणे धोकादायक आहे’ असे लिहिलेले असते. धोकादायक म्हणजे पाय मुरगळेल, खरचटेल, असाही अर्थ पर्यटक घेतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीच बंद असते आणि ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो मच्छीमारही सहसा दर्यात होडी लोटत नाही. अशा दिवसांत परतीच्या ओढीने माणूस पाहता पाहता आत खेचला जातो. तिथे ‘येथे पाण्यात उतरणे जीवघेणे ठरू शकते’ असेच लिहायला हवे. इथे ‘ठरू शकते’ हे क्रियापद जागेवर आहे, कारण वाचणारा अजून वाळूतच उभा आहे.

आमच्या गावांत तर सापाचे नावच घेत नाहीत. ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, आणि चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. रात्रीच्या वेळी दारात येऊन कोणी ‘पान लागलंय’ एवढेच म्हणाले, तरी बाहेरगावाहून नव्याने आलेल्या डॉक्टराला ते कळले पाहिजे, म्हणून आमच्या परिचारिका त्यांना पहिल्याच आठवड्यात हा शब्दप्रयोग सांगून ठेवतात. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही रीत मला समजते, पण तिच्यामुळे धोक्याची तीव्रताही झाकली जाते. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात, काहीतरी बाधले असेल. अशा ठिकाणी मऊ शब्द मला नको असतो. त्याउलट ‘जिवावर बेतलं होतं’ आणि ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’ हे दोन्ही वाक्प्रचार मला फार नेमके वाटतात, कारण त्यांत धोका पूर्ण मान्य केलेला असतो आणि सुटकाही सांगितलेली असते. काकांच्या बाबतीत जे झाले, ते हेच आहे, आणि शिक्षकांना ‘जीवघेणा’ अगदीच नको असेल, तर ‘काकांच्या जिवावर बेतले होते’ ही रचना त्यांनाही मान्य व्हावी.

माझे मत विचाराल, तर मूळ शब्द ठेवून वाक्य असे करावे : ‘काकांना झालेला फुरशाचा दंश जीवघेणा होता, वेळेवर सर्पविषावरची प्रतिलस मिळाल्याने ते बचावले.’ ‘वेळेवर’ हा शब्द मोघम आहे, म्हणून त्याच्या पुढे दंश किती वाजता झाला, रुग्णालयात किती वाजता पोहोचलात आणि पहिली प्रतिलस किती वाजता सुरू झाली, या तीन वेळा रुग्णालयाच्या कागदांवरून पाहून लिहाव्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिलस चालते, हेही एका ओळीत घालावे. साप कोणता होता हे ओळखण्यासाठी त्याला शोधून मारत बसण्यात लोक जो अर्धा-पाऊण तास घालवतात, तो त्यामुळे वाचू शकेल.